काढणीचा आकडा

सराव संपला की प्रशिक्षक श्रीदेवीअक्का हुलसूरच्या बास्केटबॉल संघातल्या एकेका पोरीला विचारायची, "दहापैकी किती दमलीस?" आकडा वहीत उतरायचा आणि त्यावरून दुसऱ्या दिवशीची मेहनत ठरायची. कुणी सहा म्हणे, कुणी आठ. विजयश्री मात्र घामानं निथळत असली तरी एकच सांगे, "तीन!"

कलबुर्गीत उपांत्य सामन्याला तिचे पाय मणामणाचे झाले. बारा वेळा चेंडू फेकला, जाळीत पडला दोनदाच. संघ कसाबसा एका गुणानं तरला.

मंठाळहून सामना बघायला आलेली तिची आई चांगुणाबाई कौतुकानं म्हणाली, "पोरगी लई चिवट हाय, अक्का. आठ दिस झाले, कोंबड्याला उठून सोयाबीन काढायलीय, मग तुमच्याकडं पळायलीय."

अक्कानं कपाळाला हात लावला. "विजू, हे कामून सांगितली न्हाईस?"

"ते काम हाय की, अक्का! तुमी तर खेळाचं विचारलाव."

"पायाला काय कळतंय, रान हाय का मैदान? उद्या अंतिम सामन्यात चारपैकी तीन डाव बाकावर बसायचं. चौथ्यात उतरायचं."

विजयश्रीच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

दुसऱ्या दिवशी बाकावर तिनं टॉवेलचं टोक चावून चावून चोथा केला. गर्दीतून तिच्या गावचा हरिबामा ओरडला, "विजे, अंडी उबवायलीस का गं?" तीन डाव सरले तेव्हा संघ अकरा गुणांनी मागं होता.

"ऊठ!" अक्का म्हणाली.

विजयश्री उतरली आणि पहिल्याच धावेत तिला कळलं, पाय परत आलेत! समोरच्या उंच्यापुऱ्या पोरी धापा टाकत होत्या, ही वाऱ्यासारखी त्यांच्या मधून निसटत होती. चेंडू हिसकला, दोन गुण. परत हिसकला, परत दोन. बघता बघता फरक एकावर आला. चार सेकंद उरले. ती उडाली, चेंडू कड्यावर नाचला, थबकला आणि जाळीत पडला! चांगुणाबाईनं तोंडातला पदर सोडून शिट्टी मारली.

पोरींच्या ढिगाऱ्याखालून विजयश्रीला ओढून काढत अक्कानं विचारलं, "किती?"

"दहा, अक्का! आन् सकाळी मी सगळ्यांचे गणवेश धुतले, त्याचा एक वेगळा धरा."

हिला मारावं का मिठी मारावी, ते अक्काला कळेना.