एकच दिवा चालू ठेवा

मी ट्रान्सफॉर्मर बोलतोय. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात एका अपार्टमेंटमागच्या खांबावर लटकलेला राखाडी डबा. सारखा घूं घूं करतो म्हणून लोक वैतागतात. अहो, मी काय हौसेनं करतो? अंगातून वीज धावत असली की गप्प बसवतच नाही मला.

मला इथं चढवलं तेव्हा बिल्डिंगमधली आठही घरं गॅसवर गरम व्हायची. मग मालकानं खोलीखोलीत विजेचे हीटर बसवले. भार दुप्पट झाला, मी मात्र होतो तेवढाच! वीज आयोगाच्या नियमाप्रमाणे तपासनीस आला आणि लिहून गेला, ‘हिवाळ्याआधी मोठा बसवा.’ वीज कंपनीनं मुदतवाढ मागितली, ती मिळालीही. थंडीला कुणी मुदतवाढ देतं का हो?

२००७ चा फेब्रुवारी होता. पावसाचे थेंब पडतील तिथे गोठत होते. दुपारी बर्फानं जड झालेली फांदी तारेवर कोसळली आणि वीज गेली. माझी घूं घूं थांबली, पण जीव काही थाऱ्यावर नव्हता.

कारण माझ्यासमोरच्या खिडकीत शोभनामावशी होत्या. नागपूरहून मुलाकडे, हेमचंद्रकडे आलेल्या आणि न्यूमोनियातून नुकत्याच उठलेल्या. त्यांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. हेमचंद्रनं घाईघाईनं सिलिंडर लावला. तो तीन तास पुरणार होता. रस्त्यांवर बर्फ, त्यामुळे अँब्युलन्स कधी पोचेल ते कुणी सांगेना.

शेजारची उत्तरा, पुण्याची, इथं पीएचडी करणारी, धावत आली. “दादा, हीटर ऑफ करू का?”

“राहू दे गं,” मावशीच म्हणाल्या. “लाईट आली की कळायला नको?”

झालं! आठातली पाच घरं मराठी, सगळी लोडशेडिंगमध्ये मुरलेली. हीटर, कुकर, ओव्हन, एकाही बटणाला कुणी हात लावला नाही.

दोन तासांनी लाइनमन आला, तार जोडली, वीज सोडली. आठ गारठलेली घरं एकदमच माझ्यावर तुटून पडली. तेल तापलं, दम कोंडला आणि फाट्‌दिशी माझा फ्यूज उडाला.

“डीपी उडाली!” हेमचंद्र ओरडला. सिलिंडरचा काटा तळाला टेकत आला होता.

खालून लाइनमननं ओरडून सांगितलं, सगळं बंद करा. उत्तरा दारंदार ठोठावत सुटली. “काकू, प्लीज, सगळं ऑफ करा! हीटर पण! मावशींचा ऑक्सिजन संपतोय!” खटाखट बटणं बंद झाली.

मावशींनी धापा टाकत दिव्याकडे बोट केलं. “तो एक... राहू दे. कळायला.”

नवा फ्यूज बसला. मी घाबरतच वीज अंगावर घेतली. खिडकीतला तो दिवा लागला. हेमचंद्रनं मशीन सुरू केलं, आणि मावशींची छाती हळूहळू शांत वरखाली होऊ लागली. मग घरोघरी एकेक हीटर, थांबून थांबून.

नागपूरला परत जाताना मावशींनी खिडकीतून मला हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यामुळेच तर त्यांचा जीव टांगणीला लागला होता!

आता २००८ संपत आलंय. परवा तपासनीस पुन्हा आला, तेच लिहून गेला. कंपनीला पुन्हा मुदतवाढ मिळाली. माझ्या बुडातून तेल पाझरतंय. खालच्या मजल्यावर वीस दिवसांचं बाळ आलंय, आणि आज सकाळपासून आभाळ भरलंय.

लाईट गेली तर, बाबांनो, एकच दिवा चालू ठेवा. तेवढा मला अजून पेलवतो.