मोरीला वास का येतो?

मी एक जुना लेख आहे. कागदावरचा नव्हे, वेबसाइटवरचा. डेन्मार्कच्या उत्तरेला, खाडीकाठी टॉर्किलचा छोटा कारखाना आहे, तिथला. चीज आणि लोणी बनवणाऱ्यांसाठी तिथे फरशीत बसवायच्या, सांडपाणी वाहून नेणाऱ्या स्टीलच्या मोऱ्या घडवतात. हसू नका, मित्रांनो! जिथे दिवसभर दूध सांडतं, तिथे मोरी बरी नसेल तर चीजही बरं होत नाही.

माझा जन्म काळजीतून झाला. गाडी घेऊन गावोगाव फिरणारा विक्रेता म्हातारपणामुळे घरी बसला आणि नवी गिऱ्हाइकं येईनाशी झाली. हिवाळ्यापर्यंत कामं मिळाली नाहीत, तर वेल्डिंगचा अर्धा विभाग बंद करावा लागणार होता. तेव्हा ऑफिस सांभाळणारी सोल्वाय म्हणाली, "लोकांच्या दारात जाऊन किती बेल वाजवायच्या? त्यांना जे विचारायचं असतं, त्याचं उत्तरच लिहून ठेवू. शोधत शोधत तेच येतील."

"आणि लिहिणार काय?" टॉर्किलने विचारलं.

"फोनवर सगळे एकच विचारतात. मोरीला वास का येतो?"

एका हातात राय नावाच्या धान्याचा काळा पाव, दुसऱ्या हाताने टंकन, असं करत तिने मला घडवलं. मोरीच्या तळाशी थोडं पाणी कायम साचून असतं, तेच गटाराचा वास अडवतं. मोरी वापरात नसली की ते आटतं आणि वास वर येतो. तेव्हा अधूनमधून बादलीभर पाणी ओता. इतकं साधं उत्तर माझ्या पोटात होतं.

टॉर्किलने वाचून कपाळाला हात लावला. "अगं, म्हणजे आमच्याकडून काही घेऊ नका, बादली घ्या, असंच झालं की!"

"ज्यांचं बादलीने भागतं, त्यांचं भागू दे रे. बाकीचे आपल्याला लक्षात ठेवतील."

सुरुवातीला माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. मग एकेक वाचक येऊ लागला. जर्मनीतून, आयर्लंडमधून आभाराचे निरोप आले. मी अगदी फुगून गेलो! पण मागणी? एकही नाही. पानगळ सरत आली. सोल्वाय हल्ली जेवणाच्या सुट्टीतही फोनपाशीच बसायची.

एके दिवशी माझ्याखालचा नंबर बघून स्वीडनहून फोन आला. गुन्वोर नावाची बाई चीजचा कारखाना चालवत होती.

"तुमच्या लेखाने वास गेला बघा! आता सगळी फरशीच नवी करतेय. चांगल्या मोऱ्या कोण बनवतं, ठाऊक आहे का?"

टॉर्किल घुटमळला. "बनवतात... तसे बरेच जण बनवतात." स्वतःची टिमकी वाजवायची म्हटलं की इथल्या माणसांच्या अंगावर काटा येतो.

सोल्वायने फोन हिसकावला. "आम्ही बनवतो! हा माणूस मेला तरी सांगणार नाही."

पलीकडून खो खो हसू आलं. "मग लेखात का नाही लिहिलं?"

दोघांनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं. खरंच, कुठेच नव्हतं! सोल्वायही त्याच मातीतली. तिलाही लाजच वाटली होती. तिने लगेच शेवटी एक ओळ घातली: 'अशा मोऱ्या आम्ही बनवतो. फोन करा.' ती वाचताना टॉर्किल कानापर्यंत लाल झाला.

गुन्वोरमागोमाग आणखी काही जण आले. त्या हिवाळ्यात वेल्डिंगचा विभाग पूर्ण चालू राहिला. दर शुक्रवारी कारखान्यात सगळे मिळून केक खातात, तेव्हा टॉर्किल म्हणाला, "आपला सगळ्यात चांगला विक्रेता म्हणजे हा लेखच. पगार नाही, केकमध्ये वाटा नाही!"

पण सुगी आली की माणसं विसरतात. वर्षं गेली, मोऱ्या बदलल्या, माझ्यातलं मोरीचं चित्र जुनंच राहिलं. नॉर्वेहून कुणीतरी वैतागून लिहिलं, "तुम्ही चित्रात दाखवलेला स्क्रू आमच्या मोरीत नाहीच!" मला फार लाज वाटली. नवी वेबसाइट करताना मला पुसूनच टाकायचं ठरत होतं.

"पुसायचं कशाला?" सोल्वाय म्हणाली. "आजारी माणसाला कुणी घराबाहेर काढतं का?" तिने नवं चित्र घातलं, चुकीचं झालेलं काढलं. आता दर वसंतात ती मला एकदा तपासते.

मित्रांनो, कुणाच्या उपयोगासाठी काही लिहिलंत, तर त्याला वाऱ्यावर सोडू नका. आत्ता या क्षणी कुठेतरी कुणीतरी नाक दाबून उभं आहे, आणि माझ्यावर विश्वास ठेवून पुढची ओळ वाचतंय.