राणीसरकार

पिन उलटी बसली होती. वहीच्या शेवटी जोडलेल्या पुरवणीची पिन, एक पाय आत, एक बाहेर, बोटाला लागेल अशी, आणि लागलीच. त्यानं अंगठा तोंडात धरला आणि डाव्या हातानं वही उघडली. सातवी ब. त्रेचाळीसपैकी एकतिसावी. विषय त्यानंच दिलेला : ‘मला येणारी एक गोष्ट’. आतापर्यंत सायकल चालवणं नऊ जणांना येत होतं, चहा करणं सहा जणांना, आणि एका पठ्ठ्यानं लिहिलं होतं, ‘मला शिट्टी वाजवता येते, खोटं वाटत असेल तर वर्गात परवानगी द्यावी’. त्यावर तो एकटाच इतक्या मोठ्यानं हसला होता, की समोर डबा खाणाऱ्या गणिताच्या बाईंना ठसका लागला.

वह्या तपासणं बाकीच्यांना ओझं वाटायचं, त्याला नाही. चोवीस वर्षं इंग्रजी शिकवत होता आणि अजून मुलांच्या चुका त्याला आवडायच्या... भूतकाळाचा प्रत्यय भलत्या क्रियापदाला चिकटवणारं मूल खरं तर नियम शिकलेलं असतं, हे तो नव्या शिक्षकांना तावातावानं सांगायचा. चुकीला घाबरू देऊ नका, हसवा त्यांना, हसलेलं मूल बोलतं. त्याचा वर्ग कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू जायचा.

एकतिसावी वही राणीसरकारांची. खिडकीशी बसणारी, कधी तोंड न उघडणारी, सारखी तहान लागणारी. पहिलं वाक्य वाचून त्यानं सवयीनं लाल पेन टेकवलं, आणि पुढचं वाचताना ते तिथंच राहिलं. तिनं इंग्रजीत लिहिलं होतं :

‘मला न वाचणं येतं. सर ओळीनं वाचायला लावतात, तेव्हा मी माझ्या आधीची मुलं मोजते, मग परिच्छेद मोजते. माझा परिच्छेद सापडला की त्यातला अवघड शब्द शोधते. तो असला, तर माझ्या आधी दोन मुलं उरतात तेव्हा मी पाणी प्यायला जाते. सर लगेच सोडतात, कारण सर चांगले आहेत. नळापाशी मी तीनशेपर्यंत मोजते. कुणी गैरहजर असलं तर मोजणी चुकते, म्हणून आल्याबरोबर मी रिकामे बाक बघून ठेवते. हे मी पाचवीपासून करते. पाचवीत मी आयलंड हा शब्द इझलँड असा वाचला. सर म्हणाले, या, इझलँडच्या राणीसरकार! तेव्हापासून मी राणी आहे.’

एकही चूक नव्हती. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. आणि लाज वाटली ती याची, की हे त्याला आधी दिसलं. आधी स्वल्पविराम. लाल टिंब कागदात झिरपून मोठं होत होतं, ते उचलायचं असतं हे त्याला सुचेना.

तो दिवस आठवेना. पाचवीचा वर्ग आठवत होता, उजेड कुठून यायचा तेही, पण ती मुलगी उभी आहे, तोंडात तो शब्द आहे, असं काही नाहीच. गोष्ट मात्र पाठ होती. ‘आमच्या वर्गात एक पोरगी इझलँड म्हणाली’ — बायकोला सांगितलेली, साडूला जेवताना सांगितलेली, प्रशिक्षणात साठ शिक्षकांसमोर सांगितलेली. दर वेळी लोक पोट धरून हसलेले. त्या गोष्टीतून मुलगी कधी गळून पडली? आणि राणीसरकार हे नाव... ते तर तिच्या ताठ चालण्यावरून ठेवलं होतं ना मी? दोन वर्षं मी तसंच समजत होतो. चालण्याचं कारण मी नंतर तयार केलं.

“कुणाची वही एवढी वाचताय?” बाईंनी विचारलं.

“राणीची.”

“तिला काय येतंय लिहायला? तोंडातून शब्द निघत नाही पोरीच्या.”

“उत्तम येतं,” तो म्हणाला, आणि आपला आवाज त्याला ओळखू आला नाही.

पुढचा तास सातवी ब वरच होता. वर्गात शिरल्याशिरल्या तोंडातून ‘चला, वाचन’ निघून गेलं, आणि पहिलं मूल उभंही राहिलं. मग त्याला दिसलं. तिचे ओठ किंचित हलत होते. दोन बाक रिकामे. तोही मोजायला लागला, आणि तिचा परिच्छेद तिच्याइतक्याच घाईनं शोधून काढला. चौथ्या ओळीत शब्द होता — लिहायचा ‘कोलोनेल’ आणि उच्चारायचा भलताच, ‘कर्नल’, पलटणीच्या साहेबाचा. दोन मुलं उरली. हात वर झाला.

“सर, पाणी?”

‘जावं, राणीसरकार’ हे दोन शब्द जिभेवर येऊन थांबले. रोज त्यावर वर्ग हसायचा. आताही काही चेहरे हसायच्या तयारीत होते. तो नुसतं “जा” म्हणाला. ती दारापर्यंत गेली आणि तिनं काहीतरी राहिल्यासारखं वळून पाहिलं.

तीनशे आकडे. त्यानं मनात मोजले. दोनशे ऐंशीला ती परत आली.

घंटा झाल्यावर त्यानं तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली. तिनं मान वर केली नाही. पुन्हा मारली. शेजारणीनं कोपरानं ढोसलं, “अगं, तुला!”

दोघं कॉरिडॉरमध्ये उभी राहिली.

“वाचलं मी.”

“चुकलंय का सर?”

“नाही. काहीच चुकलेलं नाही. तुला इतकं लागलं, तर कधी बोलली का नाहीस?”

तिनं विचार केला. खरंच विचार केला, एखाद्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यावं तसा. “तुम्ही प्रेमानं म्हणता ना, सर.”

“आता नाही म्हणणार.”

“पण घरी तेच म्हणतात.” ती घाईघाईनं म्हणाली. “पालकसभेत तुम्हीच आईला सांगितलं होतं. आईला फार आवडलं. आता आजीपण राणीच म्हणते.”

“आणि तुला?”

तिनं वर्गाच्या दाराकडे पाहिलं. “विज्ञानाच्या बाई आल्या, सर.”

ती गेली. ताठ नव्हती चालत. साधीच चालत होती, दप्तराच्या ओझ्यानं थोडी उजवीकडे कलून.

सहावी अ मध्ये तो खडू घेऊन नुसता उभा राहिला. मुलं खुशीत होती. हा तास त्यांना आवडायचा. पहिल्या रांगेतली चष्मेवाली वाचायला उठली आणि तिसऱ्या ओळीत सुरीसाठीचा शब्द तिनं पहिलं मुकं अक्षर ठणठणीत वाजवत वाचला, ‘कनाइफ’. चाळीस तोंडं त्याच्याकडे वळली. सर काय म्हणतात आता! आणि वाक्य आलंच, आपोआप, नेहमीसारखं, अगदी नेमकं, सगळा वर्ग गडगडून हसेल असं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा ते बाहेर पडण्याआधी मला ऐकू आलं. चांगलं होतं. मी तोंड मिटून घेतलं. चष्मेवाली पुस्तकात बोट धरून माझ्याकडे बघत होती, अर्धवट हसत, अर्धवट... ते दुसरं काय होतं? ते नेहमीच तिथं असायचं का? वर्ग थांबला होता. त्या वाक्याच्या जागी काय बोलायचं असतं, मला माहीत नव्हतं.