तुळसाबाईंचा कोरा पासपोर्ट

मी पासपोर्ट बोलतोय. दचकू नका, तुमची कागदपत्रं तपासायला आलेलो नाही. मी राळेगावच्या तुळसाबाईंचा. निळ्या कव्हराचा, छत्तीस पानांचा, आणि सगळी पानं कोरी.

नाशिकच्या सरकारी छापखान्यात माझा जन्म झाला. तिथं आम्हा भावंडांच्या गप्पांना नुसता ऊत आला होता. कोणी म्हणे मी लंडनला जाणार, कोणी म्हणे दुबईला. मीही मनातल्या मनात चार-सहा विमानतळ पाहून घेतले. प्रत्यक्षात पाहिली ती बिस्किटांची पत्र्याची डबी, आणि तीही साड्यांच्या पेटीत, डांबरगोळ्यांच्या शेजारी.

त्या डबीत मी एकटा नव्हतो. तुळसाबाईंचे पती धर्मपाल यांचा पासपोर्टही माझ्याबरोबरच आला होता. तुळसाबाई अंगणवाडी सेविका होत्या, धर्मपाल पाटबंधारे खात्यात चौकीदार. दोघांचा बेत पक्का होता. विहारातल्या मंडळींबरोबर श्रीलंकेला जायचं आणि अनुराधापूरचा बोधिवृक्ष डोळ्यांनी पाहायचा. आम्ही घरी आल्यावर मागाहून होणाऱ्या चौकशीसाठी पोलीस दारात आला तेव्हा अर्धी गल्ली जमली होती. "काय केलं वो धर्मपालभाऊनं?" शेजारच्या बेबीताईंनी काळजीनं विचारलं. "काही नाई केलं, आता करणार हाय. इमानात बसणार हाय," तुळसाबाई म्हणाल्या. त्या दिवशी मला स्वतःचा भारी अभिमान वाटला.

पहिल्या वर्षी माणसं जमली नाहीत. पुढं धर्मपालांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मग कोरोना आला आणि धर्मपालच गेले. डबीचं झाकण लागलं ते लागलंच. माणसांची ही एक खोड मी पाहून ठेवली आहे. चांगली चादर पाहुण्यांसाठी राखतात, आणि मनातली इच्छा सवडीसाठी. पाहुणे निदान येतात तरी.

यंदा एक जूनला तुळसाबाईंना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. ही तारीख शाळेतल्या गुरुजींनी अंदाजानं घातलेली. त्या गुरुजींनी अर्धं गाव एकाच दिवशी जन्माला घातलंय. पण निमित्त मिळालं, आणि यवतमाळला बी.एस्सी. करणारी नात वैष्णवी सुट्टीत घरी येताच कंबर कसून कामाला लागली. आजीचा वाढदिवस असा करायचा, की घराच्या प्रत्येक खोलीत एक देश. पार्टीचं नाव ‘जगाची सफर’.

तिच्या वडिलांनी, म्हणजे राजदीपनं, लगेच होकार दिला. राजदीप एसटीत कंडक्टर आहे. "मायचे गुडघे आता साथ देत नाई," तो म्हणाला. "इमानात कुठं बसवता तिले? त्यापेक्षा आपण जगच घरी आणू." बोलला तो मायेपोटीच. पण मला राग आला. प्रेमाच्या माणसाचा निर्णय आपणच घेऊन टाकणं किती सोपं असतं, ते मी डबीत बसून ऐकत होतो.

मग देशांची वाटणी सुरू झाली.

"कूलरच्या पुढं स्वित्झर्लंड," वैष्णवी म्हणाली.

"मंग सगळे पाहुणे तिथंच बसतीन. बाकीचं जग ओस पडन," राजदीप म्हणाला.

स्वयंपाकघरात चीन करायचा ठरला, तर वैष्णवीची आई शीला आडवी आली. "चीन-बीन काही नको. तुमी नूडल खासान अन् भांडे मी घासन?" शेवटी भांडी राजदीपनं घासायची या अटीवर चीनला जागा मिळाली. न्हाणीघर कोणत्या देशाला द्यायचं यावर बराच खल झाला. मग कोणाचा अपमान नको म्हणून तिथं समुद्र करायचं ठरलं.

तुळसाबाई एका बाजूला तांदूळ निवडत बसल्या होत्या. "आजी, तुले कोणता देश पाहिजे?" वैष्णवीनं विचारलं.

"श्रीलंका," त्या मान वर न करता म्हणाल्या.

झालं, ओसरी श्रीलंकेला गेली. फ्रिजचा मोठा खोका कापून वैष्णवीनं बोधिवृक्ष उभा केला. पाहुण्यांसाठी पुठ्ठ्याचे पासपोर्ट बनवायचे, आणि प्रत्येक देशात बटाट्याच्या ठशानं शिक्का मारायचा, ही तिचीच कल्पना. नमुना हवा म्हणून तिनं डबी उघडली, आणि कित्येक वर्षांनी मला उजेड दिसला.

तिनं आजीचा जुना फोटो पाहिला, हसली. मग तिची नजर खालच्या तारखेवर गेली. येत्या सप्टेंबरात माझी मुदत संपत होती. "बिचाऱ्यावर एक शिक्का नाई पडला," ती स्वतःशीच पुटपुटली. निदान आपण तरी एक मारावा, असं तिच्या मनात आलं असणार.

पार्टीच्या दोन दिवस आधी रंगीत तालीम झाली. तुळसाबाईंना जपानमधून स्वित्झर्लंडमार्गे ओसरीत आणलं गेलं. त्या पुठ्ठ्याच्या झाडाखाली बसल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वैष्णवीनं माझं एक पान उघडून आजीच्या मांडीवर ठेवलं आणि बटाटा निळ्या शाईत बुडवला.

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. म्हटलं, बटाट्याचा तर बटाट्याचा, शिक्का तर आहे. दहा वर्षं उपाशी राहिलेल्यानं शिळी भाकर काय नाकारायची. पण तेवढ्यात तुळसाबाईंनी आपला तळहात माझ्या पानावर पसरला.

"त्याच्यावर नको मारू."

"काहून आजी? गंमत तं हाय."

"बाकीचे गमतीचे हाय, पोरी. हे खरं हाय."

वैष्णवीनं बटाटा खाली ठेवला. मग राजदीप आईसमोर खाली बसला.

"माय, तुले खरंच जायचं हाय?"

"मी कधी नाई म्हटलं? तुये बाबा गेले तवापासून मले कोणी इचारलंच नाई."

"पण तुये गुडघे?"

"गुडघे माये हाय. दुखले तं मले दुखतीन. तू कायले कुंथतं?"

शीलाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. राजदीप मात्र हसला नाही. "वीस वर्षं झाले," तो हळूच म्हणाला, "गाडीत चढणाऱ्या हरेक माणसाले इचारतो, कुठं जायचं. अन् घरात नाई इचारलं."

तेव्हा वैष्णवीनं मनातली गोष्ट सांगितली. देशाबाहेर जायला पासपोर्टची सहा महिने मुदत शिल्लक लागते. माझी तेवढी उरली नव्हती. "आजी, हा आता चालत नाई. नवा काढा लागन."

म्हणजे तुळसाबाई जाणार, आणि त्यांनी जायचं तर मी संपायचं. क्षणभर वाटलं, नकोच ती श्रीलंका. पण त्यांचा हात अजून माझ्यावरच होता. अशा वेळी स्वतःचं रडगाणं गाण्यात अर्थ नसतो, एवढं मलाही कळतं.

पार्टी झाली आणि झकास झाली. लोक स्वित्झर्लंडमध्ये दाटीवाटीनं बसले. खरी गर्दी मात्र नंतर ओसरीत झाली. "तुळसाबाई खरंच चालल्या काय? मंग मलेही घेऊन चला," बेबीताई म्हणाल्या. विहारातल्या आणखी बायका पुढं आल्या. दहा वर्षांपूर्वी जमली नव्हती ती माणसं नूडल खाता खाता जमली. अकरा जणींची यादी वैष्णवीनं उरलेल्या पुठ्ठ्यावर लिहून घेतली.

पुढच्या महिन्यात मला नागपूरच्या कचेरीत नेलं. तिथल्या बाईंनी माझा एक कोपरा कात्रीनं कापला आणि माझ्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारला. दुखलं नाही. तुळसाबाईंनी मला परत घेतलं आणि पदरानं पुसलं. मी ओला नव्हतो, तरी पुसलं.

आता नवा आला आहे. कोरा करकरीत, अंगाला शाईचा वास, आणि तोरा असा की विचारू नका. मी त्याला समजावून सांगितलं, बाबा रे, बाईंचे गुडघे दुखतात, रांगेत फार वेळ उभं करू नकोस. तेव्हापासून तुळसाबाई रोज सकाळी विहारापर्यंत चालत जाऊन येतात. पहिल्या आठवड्यात वाटेत दोनदा बसायच्या. आता एकदाच बसतात.

तुमच्याही घरात एखाद्या डबीत माझ्यासारखा कोणी पडून असेल. नसला तरी ज्याचं वय झालं म्हणून तुम्ही परस्पर घरी बसवलंय, असं एखादं माणूस नक्की असेल. त्याला एवढंच विचारा, कुठं जायचं? उत्तर देईपर्यंत जरा थांबा मात्र.

आज जानेवारीची सकाळ आहे. नागपूरची एसटी नऊ वाजता सुटते, आणि आज कंडक्टर राजदीपच आहे. शीलानं डब्यात पोळ्या बांधल्या. निघताना तुळसाबाईंनी पेटी उघडली, डबी काढली, मला आणि धर्मपालांच्या पासपोर्टला जवळजवळ ठेवून एक रबर लावलं.

"मी येतो जाऊन," त्या म्हणाल्या. "तुमी दोघं घर सांभाळा."