घडीतली ओल

“ती नवी सिस्टर बरी आहे. तोंडच नाही तिला. सांगितलं की मान हलवते.”

हात धुवायच्या नळापाशी डॉक्टर हेड सिस्टरना सांगत होते. हेड सिस्टर हसल्या. “गरीब गाय आहे हो, सर. नवीन लग्न झालंय. घरीही अशीच असेल.”

ती नवी सिस्टर दाराआड उभी होती. बोटातली अंगठी काढून पिनेनं खिशाच्या आत टाचत होती. कौतुक ऐकून माणूस खुलतं म्हणतात; ही कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. तिनं ऐकलं हे त्या दोघांना कळलं नाही. मी ऐकलं, पण माझ्याकडे कोण बघतंय? मी म्हणजे ऑपरेशनची अवजारं गुंडाळायची हिरवी चादर. तेव्हा मी शेजारच्या ट्रॉलीवर गाठोडं होऊन बसले होते, आणि मला माझीच लाज पुरेशी होती. ती कसली, ते सांगते.

गिरणीतून आले तेव्हा माझा तोरा काही औरच होता. शिंप्यानं कडेला दुहेरी टीप घातली, तेव्हा वाटलं, आता कुणाच्या तरी गुबगुबीत पलंगावर जाणार. नशिबी आल्या करवती, हातोड्या आणि चिमटे! हाडांच्या डॉक्टरांचं सामान म्हणजे सुताराची पेटीच. पण हळूहळू कळलं, आपलं काम पलंगावरच्या चादरीपेक्षा मोठं आहे. वाफेत शुद्ध झालेली अवजारं पेशंटपर्यंत तशीच शुद्ध पोचवायची. मधे हवा नाही, धूळ नाही, कुणाचं बोटही नाही.

माझी बडदास्तही तशीच. दर वेळी धुलाई, मग दिव्यासमोर धरून तपासणी. टाचणीएवढं भोक तर नाही ना पडलं? आई पोराच्या डोक्यातल्या उवा इतक्या चिकाटीनं शोधत नसेल. मग अवजारं पोटात घेऊन, ठरलेल्या घड्या घालून, वर पट्टी चिकटवून मला वाफेच्या यंत्रात ठेवतात. पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या की सगळे खूश. त्या रेघा एवढंच सांगतात की हिला आच लागली होती. पुढचं त्या सांगत नाहीत.

पुढचं म्हणजे वाळणं. वाफेतून निघालेली चादर आणि नुकतं झोपलेलं तान्हं, दोघांना लगेच उचलू नये. यंत्र चालवणारे मामा हे स्वतःच सगळ्यांना सांगायचे. पण त्या दिवशी आतून फोनवर फोन. “मामा, सर खोळंबलेत, आणा की!” मामांनी मला अर्धवट वाळलेली ओढून काढली आणि गार लोखंडी ट्रॉलीवर ठेवली. खालून मला घाम फुटला. तळाशी तळहाताएवढी ओल धरली.

बाहेरून काही दिसत नव्हतं. वर कोरडी, घडी चापूनचोपून, पट्टीवर रेघा ठळक. पण ओल्या कापडातून बाहेरची घाण आत झिरपते. मोठ्या पोरानं चारचौघांत गादी ओली करावी आणि त्यावरच बसून राहावं, तशी मी बसून होते. अंग चोरता येत नाही आणि बोलताही येत नाही.

आत ऑपरेशनच्या टेबलावर एक मावशी होत्या, शिवणकामावर पोट असलेल्या. गुडघा झिजलेला, आज त्यात धातूचा नवा सांधा बसणार होता. असल्या सांध्यात जंतू शिरले तर तो पुन्हा उघडायचा, काढायचा, कधीकधी पायही गमवायचा. कमरेखाली भूल दिलेली, वर मावशी टक्क जाग्या. “माझे पाय कुठं ठेवलेत गं? परत देताना अदलाबदल करू नका, मला मशीन चालवायचंय!” सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नव्या सिस्टरनं मला उचललं. तिचा तळहात बरोबर त्या जागी आला, आणि थांबला. तिनं हात काढून पाहिला, पुन्हा लावला. कुणी आपली झाकलेली गोष्ट ओळखावी आणि आपण खाली मान घालावी, तसा तो स्पर्श होता.

“ओलसर आहे,” ती मास्कच्या आत म्हणाली. तिचं तिलाच ऐकू गेलं असेल.

“अगं, उघड ना!” हातमोजे घालून तयार असलेल्या हेड सिस्टर म्हणाल्या. “रेघा आल्यात की पट्टीवर.”

“थोडा दमटपणा असेल. वाळेल आत्ता,” दारातून मामा म्हणाले. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. “भूल उतरायची वाट बघायची का आता?”

तोंडापुढं लावलेल्या पडद्याच्या पलीकडून मावशींनी विचारलं, “काय झालं हो?”

“काही नाही मावशी, पडून राहा,” हेड सिस्टर म्हणाल्या.

त्या ‘काही नाही’नं मी पुरती ओशाळले. ते ‘काही’ मीच होते. नव्या सिस्टरनं एकदा पट्टीकडे, एकदा पडद्याकडे पाहिलं. वाटलं, ही आता नेहमीसारखी मान हलवणार.

आता मी धुवायच्या ढिगात पडले आहे, इतर मळक्या कपड्यांबरोबर. माझ्या पोटातलं एकही अवजार त्या दिवशी मावशींना लागलं नाही. लाज अजून आहे. पण ती उघड झालेली लाज आहे, तिचा भार कमी वाटतो. तुम्हाला एवढंच सांगणं: माझ्यासारखीच्या नुसत्या तोंडावर जाऊ नका, खाली हात घालून बघा. आणि ती नवी सिस्टर काय बोलली, तेही ऐका. तिनं आधी मला कोपऱ्यातल्या टेबलावर बाजूला ठेवलं, मग पडदा थोडा सारून मावशींकडे पाहिलं, आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“मावशी, झालंय असं की तुमच्या अवजारांचं गाठोडं ओलं निघालं. सर, हे मी उघडणार नाही. कपाटात उद्याच्या पेशंटचं कोरडं आहे, ते आणते. तोवर कुणी सुरू करू नका.”