मधली पानं

माझं पिको-फॉलचं दुकान मुरुमच्या बाजारात. गिऱ्हाईक सुटलं की दहा मिनिटं माझी, म्हणून वाचनालयातून मी बारक्या कादंबऱ्याच आणते. जुन्या, नावाजलेल्या, पण शंभर पानांच्या आतल्या. जाड पुस्तक धरलं तर इथं लगीनसराई उलटून जाते अन् त्यातल्या बाईचं अजून लगीनच ठरलेलं नसतं.

मागं अशीच एक वाचली. त्यातली बाई नवऱ्याचा मार खाऊन खाऊन कंटाळते अन् लेकरू कडेवर घेऊन घर सोडते. कादंबरी तिथंच संपली. मला लई आवडली. शेजारच्या शरणम्मालाही वाचायला दिली, कारण तिचा रामलिंग उठता-बसता हात उचलायचा. पंधरा दिवसांत शरणम्मा पोरीला घेऊन सोलापूरला गेली, एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. सगळ्या गल्लीनं मला बोल लावला. म्हटलं, बोला, तुमच्या बापाचं काय जातंय?

काल वाचनालयात गेले तर ग्रंथपाल शिवशरण सर म्हणाले, "उझमाबाई, त्या घर सोडणाऱ्या बाईच्या कादंबरीचा दुसरा भाग नाही नेलात?"

"कसला दुसरा भाग, सर?"

"तुम्ही कामाच्या बायका जाड पुस्तकाला हात लावत नाही. म्हणून बाइंडिंगला दिलं तेव्हा मीच मधून कापून दोन करायला सांगितलं."

मोठं पुण्य केल्यागत सांगत होते. म्हणजे शरणम्माला म्या अर्धंच पुस्तक दिलं होतं.

दुकानात आठ साड्या पडून होत्या. म्हणून तिथंच उभ्या उभ्या दुसऱ्या भागाचं शेवटचं पान उघडलं. ती बाई विहिरीत मेलेली अन् गाव काठावर जमलेलं. कुणाच्या लेकीला म्या कुठं धाडलं? त्यात त्याच सकाळी रामलिंग चुलत्याला घेऊन तिला आणायला सोलापूरला गेला होता.

लगेच शरणम्माला फोन लावला. "तुझी माणसं आली का गं?"

"आलीत. बाहेर बसलीत."

"जा बाई त्यांच्यासंग, घरी ये. चूक माझी हाय. पुस्तक अर्धंच होतं. ती बाई शेवटी विहिरीत मरते."

"ठाव हाय. निघायच्या आधीच दुसरा भाग वाचनालयातून आणून म्या वाचला होता," शरणम्मा म्हणाली. "तू सगळा वाचलास?"

"शेवटचं पान वाचलं. मला वेळ कुठाय?"



"मधली पानं वाच, उझमा. चार माणसं येऊन, समजूत घालून तिला नवऱ्याकडं परत नेतात. म्हणून मरते ती. त्या चौघांत तिची मैत्रीण पण असते."

स्वतःचीच भीती वाटली मला. मग म्हटलं, "रामलिंगला फोन दे. तू येणार न्हाईस, हे म्या सांगते त्याला."