भुंग्याच्या डोळ्यांचा रंग

ताई चार वाजता येणार होती आणि अडीचपासूनच छोटी घरात येरझाऱ्या घालत होती. छोटी सहासष्ट वर्षांची होती, गुडघे कुरकुरत होते. पण ताईच्या तोंडी ती अजून छोटीच. तिने काढत आणलेलं चित्र खिडकीशी उभं होतं. तिने त्यावर चादर टाकली, काढली, पुन्हा टाकली.

छत्तीस वर्षं तिने बाहुल्यांच्या कारखान्यात तोंडं रंगवली होती. आधी गाल, मग ओठ, मग भुवया. डोळे सगळ्यात शेवटी. त्याला तिथे ‘डोळे उघडणं’ म्हणत. तोवर बाहुली भिंतीकडे तोंड करून ठेवायची, असा तिथला रिवाजच होता. आणि एकदा डोळे उघडले की खाडाखोड नाही, कारण ती बघायला लागलेली असते. मुकादमबाई म्हणायच्या, “हिला झोपेतून उठवलं तरी दोन डोळे सारखे काढील.”

आता एका पाच वर्षांच्या मुलाचे डोळे तिला दीड महिना जमत नव्हते.

मुलगा म्हणजे भुंगा, दोघींचा धाकटा भाऊ. सारखा गुणगुणायचा म्हणून भुंगा. लपाछपीत पहिला सापडायचा तो हाच, कारण लपल्यावरही त्याचं गुणगुणणं थांबत नसे. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी, आई कामावर गेलेली असताना, तो मागच्या खोलीतल्या अंथरुणांच्या पेटाऱ्यात शिरला. झाकण पडलं आणि बाहेरची कडी आपोआप बसली. सापडला तेव्हा फार उशीर झाला होता. एकटाच खेळता खेळता शिरला असेल, असं सगळे म्हणाले. लक्ष ठेवायचं काम बारा वर्षांच्या ताईचं होतं. आईने तिला मारलं नाही, “तुझं लक्ष कुठं होतं गं?” एवढंच विचारलं, आणि मरेपर्यंत विचारत राहिली.

आठ वर्षांची छोटी तेव्हा गप्प बसली. मग गप्पच राहिली.

नवरा गेल्यावर तिची झोप उडाली, जेवण जाईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “रंगांत हात होता ना तुमचा? मग डोळ्यांसमोर जे येतं ते काढा.” पहिली सहा चित्रं नुसती बंद पेटाऱ्याची झाली. सातव्यात तिने झाकण उघडं काढलं, आणि त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी तिला दोन घास गोड लागले. हे आठवं. पेटाऱ्यात बसलेला भुंगा, केस कपाळावर, आणि डोळ्यांच्या जागी कोरं. काळा रंग लावला की तो कारखान्यातली बाहुली वाटायचा, मग ती ते डोळे फडक्याने पुसून टाकायची. घरात त्याचा एकच फोटो, तोही काळा-पांढरा, आणि त्यात त्याने नेमके डोळे मिटलेले. खरा रंग ठाऊक होता तो फक्त ताईला. ताईला विचारायचं तर चित्र दाखवायला हवं, आणि चित्रात भुंगा एकटा नव्हता.

पावणेचारलाच दार वाजलं.

“जिना आहे की शिक्षा? अजून एक मजला असता तर तिथेच बिऱ्हाड केलं असतं मी,” ताई धापा टाकत आत आली.

“चहा टाकू?”

“चहा राहू दे. तोंड का उतरलंय तुझं? लहानपणी कपबशी फोडलीस की असंच दिसायचं.”

छोटीने चादर काढली. ताईने पर्समधून चष्मा काढला, लावला, आणि ती चित्रापाशी वाकली.

“ही भिंतीकडे तोंड केलेली कोण?”

“मी.”

“काय करतेस तिथे?”

“आकडे मोजतेय. राज्य माझ्यावर होतं, ताई.”

चार दिवस घोकलेली वाक्यं भलत्याच क्रमाने बाहेर पडली. “शेजारी मांजरीला पिल्लं झाली होती... म्हणजे आधी मी त्याला शोधलं. पेटाऱ्यातून गुणगुणणं ऐकू आलं. म्हटलं, बसू दे जरा, रोजच लगेच सापडतो. कडी बसलीय हे माहीत नव्हतं गं. पिल्लं बघायला गेले. आणि विसरले.”

ताईने चष्मा काढला. “आई गेली त्या सकाळीही तिने मला तेच विचारलं.”

“हो.”

“तू उशाशी बसली होतीस.”

“हो.”

ताईने पर्स खांद्याला लावली आणि ती निघून गेली. छोटी भिंतीला हात टेकून जिन्यावरची पावलं मोजत राहिली. नऊ, दहा, अकरा. बारावं आलंच नाही. खालचं दारही वाजलं नाही. मग पावलं हळूहळू वर येऊ लागली.

“डोळे का नाही काढलेस त्याचे?” ताईने दारातूनच विचारलं.

“रंग आठवत नाही.”

ताई खुर्ची ओढून चित्रासमोर बसली. “कोरा चहा उन्हात धरला की दिसतो ना, तसे होते.”

छोटीने रंग कालवला. “हा?”

“गढूळ आहे.”

“आता?”

“अजून उजळ. आणि मी तुला माफ केलंय असं समजू नकोस.”

“नाही समजत.”

“हं. थोडा पिवळा घाल.”

तिने उजवा डोळा काढला, मग डावा. डावा जरा लहान झाला. सवयीने तिचा कुंचला तो सारखा करायला पुढे गेला.

“हात लावू नकोस,” ताई म्हणाली. पर्स अजून तिच्या खांद्यालाच होती. “बघतोय तो.”